काळी, वाळू आणि पाणी : मातीची प्रयोगशाळेतील परीक्षा

मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातील जुनी गावे बहुतेक पांढरीवर वसलेली आणि त्यांची शेते काळीत पसरलेली दिसतात. या विभागणीमागे उत्तम जमीन पिकासाठी राखावी, वस्ती उंचवट्यावर असावी, अशी अनेक कारणे असतील. पण उन्हाळ्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडणाऱ्या आणि पाऊस मुरताच फुगून वर येणाऱ्या जमिनीवर भिंत सरळ राहत नाही, हा पिढ्यानपिढ्यांचा अनुभवही तिच्यामागे आहेच. गेल्या अर्धशतकात ही मर्यादा राहिली नाही. शहरांच्या कडेची काळी राने बिनशेती होऊन त्यांत प्लॉट पडले, कालवे आणि महामार्ग काळीतून गेले, मुंबईच्या पलीकडे खाडीच्या चिखलावर बंदर उभे राहिले, आणि पूर्वजांनी टाळलेल्या जमिनीवरच बांधण्याची वेळ आल्यामुळे ती जमीन किती भार घेईल, किती खचेल, किती फुगेल आणि किती काळ हलत राहील, या प्रश्नांची उत्तरे मोजून मिळवणे भाग पडले.

ही उत्तरे मातीच्या प्रयोगशाळेत शोधली जातात. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र यांच्यासारख्या शासकीय संस्थांत, अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि असंख्य खासगी प्रयोगशाळांत रोज मातीचे नमुने येतात, आणि त्यांची परीक्षा बहुतांशी भारतीय मानक २७२० या बहुखंडी संहितेनुसार होते. तिथे काय होते याची बाहेर फारशी कल्पना नसते. ‘सॉईल रिपोर्ट’ म्हणजे परवानगीच्या फायलीत लावायचा एक कागद आणि त्यावरील ‘एसबीसी’, म्हणजे जमिनीची सुरक्षित भारधारणक्षमता, हा एकच कामाचा आकडा, अशी समजूत मात्र सर्वत्र आढळते. ती समजूत घातक आहे. पोलादाच्या सळईची ताकद ती बाजारात येण्यापूर्वीच ठरलेली असते. मातीचे तसे नाही. माती म्हणजे घन कण, त्यांच्यामधील पाणी आणि हवा यांचे मिश्रण, आणि तिची ताकद त्या क्षणी तिच्यात पाणी किती आहे, भार किती वेगाने येतो आहे आणि पूर्वी तिच्यावर किती भार येऊन गेला आहे, यांवर ठरते. म्हणून प्रयोगशाळेतला प्रत्येक आकडा हा एका विशिष्ट परिस्थितीतला आकडा असतो, आणि ती परिस्थिती कोणती होती हे न सांगता दिलेला आकडा अर्धाच असतो.

परीक्षेची सुरुवात कणांच्या आकारापासून होते. भारतीय वर्गीकरणात ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली गेलेला आणि ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर राहिलेला भाग वाळू मानला जातो. त्याहून बारीक भागात पोयटा आणि चिकणमाती येतात, आणि २ मायक्रॉनपेक्षा लहान कण चिकणमातीचे समजतात. एवढे बारीक कण चाळता येत नाहीत, म्हणून ते पाण्यात ढवळून नळकांड्यात स्थिरावू देतात आणि मोठा कण लवकर व लहान कण सावकाश बुडतो या स्टोक्सच्या नियमाच्या आधारे, द्रवाची घनता ठरावीक वेळांनी मोजून, कोणत्या आकाराचे किती कण आहेत ते काढतात. वाळूच्या बाबतीत आकाराची ही मोजणी बरेच काही सांगून जाते. चिकणमातीच्या बाबतीत ती अपुरी ठरते, कारण तिथे आकारापेक्षा खनिज महत्त्वाचे असते. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटाचे खनिज प्रामुख्याने असते. त्याचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे बनलेले असून पापुद्र्यांमधील बंध दुबळे असल्याने पाणी थेट त्यांच्यामध्ये शिरते आणि त्यांना एकमेकांपासून दूर सारते. अशा एक ग्रॅम खनिजाचे एकूण पृष्ठफळ ८०० चौरस मीटरच्या आसपास जाऊ शकते. चिनी मातीतल्या केओलिनाइटचे ते १० ते २० चौरस मीटर भरते. जितके पृष्ठफळ अधिक तितके पाण्याशी नाते घट्ट, आणि काळीचे सगळे गुणदोष या एका गोष्टीतून निघतात.

मातीचे पाण्याशी असलेले हे नाते मोजण्याची रीत स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट अ‍ॅटरबर्ग यांनी १९११ साली मांडली. ते शेतीच्या मातीचा अभ्यास करत होते. इमारतींचा विचार त्यांच्यापुढे नव्हता. चिकणमातीत पाणी वाढवत नेले तर ती आधी ठिसूळ घन, मग मळता येणारी आणि शेवटी वाहणारी होते, आणि या अवस्थांच्या सीमा पाण्याच्या टक्केवारीत सांगता येतात, हे त्यांनी दाखवले. पुढे आर्थर कॅसाग्रांदे यांनी १९३२ मध्ये यातील द्रवसीमेच्या चाचणीला ठरावीक यंत्र दिले. पितळी वाटीत मातीचा लगदा पसरून त्यात खाच पाडायची, वाटी १ सेंटिमीटर उंचीवरून कठीण रबरी तळावर पुन्हा पुन्हा आपटायची, आणि बरोबर २५ आपटांत खाच तळाशी मिटली तर त्या लगद्यातील पाण्याचे प्रमाण ही त्या मातीची द्रवसीमा. मळण्याची खालची सीमा काढण्याची रीत याहून साधी आहे. ओल्या मातीचा गोळा काचेवर तळहाताने वळत त्याची दोरी करायची आणि ती ३ मिलिमीटर जाडीची होताना तुटू लागली, की त्या क्षणीचे पाण्याचे प्रमाण मोजायचे. या दोन सीमांमधील अंतर म्हणजे सुघट्यता निर्देशांक. वाळूची अशी दोरी वळताच येत नाही. काळ्या मातीची द्रवसीमा मात्र बहुधा ५० टक्क्यांच्या वर असते आणि पुष्कळदा ७०-८० टक्क्यांपर्यंत जाते, याचा अर्थ कोरड्या मातीच्या वजनाच्या पाऊण पट पाणी घेऊनही ती पूर्णपणे वाहू लागत नाही.

या चाचण्या दिसायला क्षुल्लक वाटतात, आणि प्रयोगशाळांमध्ये त्या सर्वांत नवख्या माणसाकडे सोपवल्या जातात, हे योग्य नाही. दोरी वळताना हाताचा दाब किती, वळण्याचा वेग किती, तुटण्याची सुरुवात कोणत्या क्षणी मानायची, हे सारे करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते, आणि त्यातून निघालेल्या निर्देशांकावर पुढे मातीचा वर्ग, फुगण्याची शक्यता आणि पायाचा प्रकार ठरत असतो. नमुना आधी भट्टीत वाळवला की नाही यानेही फरक पडतो. पाण्याचे प्रमाण मोजण्यासाठी माती १०५ ते ११० अंश सेल्सिअसवर वाळवणे योग्यच असते, पण सीमांच्या चाचण्यांसाठी अशी वाळवलेली माती घेतली तर अनेक मातींची द्रवसीमा खाली येते. कोकणातील जांभ्याच्या मातीत कोरडे होण्याने बारीक कण कायमचे एकमेकांना चिकटून राहू शकतात, म्हणून तिची परीक्षा मूळच्या ओलीपासून सुरू करणे इष्ट मानले जाते.

काळ्या मातीसाठी सर्वांत बोलकी चाचणी बहुधा सर्वांत स्वस्तही आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली कोरडी माती प्रत्येकी १० ग्रॅम घेऊन एक भाग ऊर्ध्वपातित पाण्याच्या आणि दुसरा रॉकेलच्या १०० मिलिलिटर नळकांड्यात टाकतात. रॉकेल पापुद्र्यांमध्ये शिरत नाही, त्यामुळे त्यातली माती फुगत नाही, पाण्यातली फुगते. साधारण २४ तासांनी दोन्हींचे आकारमान वाचतात, आणि पाण्यातले आकारमान रॉकेलमधल्यापेक्षा शेकडा किती जास्त झाले तो मुक्त फुगवण निर्देशांक. भारतीय मानकाप्रमाणे ५० टक्क्यांखालील माती फारशी चिंतेची नसते, १०० च्या पुढची गंभीर आणि २०० च्या पुढची अतिगंभीर समजली जाते. अधिक नेमके उत्तर हवे असेल तर मातीची चकती पोलादी कड्यात ठेवून तिला पाणी देतात आणि ती फुगू नये म्हणून किती दाब द्यावा लागतो ते मोजतात. हा फुगवण दाब काही ठिकाणी प्रति चौरस मीटर २० ते ३० टनांपर्यंत भरतो. एकमजली घराच्या पायाचा दाब त्याहून बराच कमी असतो, आणि म्हणूनच काळीत हलकी इमारत अधिक तडकते. भाराने जमीन खचण्याची काळजी घेणाऱ्या माणसाला जमीन घराला वर उचलेल हे सुचत नाही, आणि ‘एसबीसी’च्या आकड्यात तर त्याचा पत्ताच नसतो.

या प्रश्नावर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. आर. के. कट्टी यांनी केलेले काम महाराष्ट्राने अधिक अभिमानाने सांगायला हवे. काळीच्या जाड थरात वरचा भाग हंगामानुसार हलत असला, तरी साधारण एक-दीड मीटर खालची माती ओली असूनही फारशी फुगत नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले आणि मोठ्या आकाराच्या टाक्यांत प्रयोग करून दाखवले, की वर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा, उदाहरणार्थ योग्य मुरुमाचा, सुमारे मीटरभर जाडीचा दाबलेला थर दिला, तर खालच्या काळीची फुगवण बरीच रोखली जाते. नुसती वाळू पसरून हा परिणाम मिळत नाही, कारण थराला स्वतःचा चिकटपणा लागतो. कर्नाटकातील मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यांसारख्या कामांतून ही पद्धत वापरात आली आणि पुढे फुगणाऱ्या मातीतील कालव्यांच्या अस्तरीकरणासाठीच्या भारतीय मानकात तिला स्थान मिळाले. घरांसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली फुगीर कंद असलेले पाइल विकसित केले. हंगामी हालचालीच्या पट्ट्याखाली कंद रुतून राहतो आणि वरची माती घराला उचलू शकत नाही.

मात्र काळीला केवळ उपद्रवी ठरवणे अन्यायाचे होईल, कारण ज्या गुणाने ती भिंत तडकवते त्याच गुणाने ती धरण राखते. पाणी मातीतून किती वेगाने झिरपते ते ठरवणारा नियम आँरी दार्सी यांनी १८५६ मध्ये फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या संदर्भात, वाळूच्या स्तंभांवर प्रयोग करून मांडला. त्या नियमातील गुणांकाला पार्यता म्हणतात. स्वच्छ मध्यम वाळूतून, जितके अंतर तितकाच पाण्याच्या पातळीतला फरक ठेवला, तर पाणी दिवसाला ८-९ मीटर जाऊ शकते. दाबलेल्या चिकणमातीतून तेवढ्याच फरकाने ते वर्षाला जेमतेम ३ सेंटिमीटर सरकते. म्हणून वाळूची पार्यता वरून पाण्याची पातळी स्थिर ठेवून आणि बाहेर आलेले पाणी मोजून काढता येते, तर चिकणमातीसाठी बारीक नळीत पाणी भरून त्याची पातळी किती खाली उतरते ते तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस, पाहावे लागते. महाराष्ट्रातील मातीच्या धरणांत मधला गाभा, ज्याला कामावर ‘हार्टिंग’ म्हणतात, तो काळ्या मातीचा आणि बाहेरचे ‘केसिंग’ मुरुमाचे असते. गाभा पाणी अडवतो, मुरूम उतार स्थिर ठेवतो. १९७६ मध्ये पूर्ण झालेले पैठणचे जायकवाडी धरण सुमारे १० किलोमीटर लांब आणि सुमारे ४१ मीटर उंच असून ते मुख्यत्वे मातीचे आहे.

अशा भरावात माती किती दाबायची, याची परीक्षा रॅल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा धरणांच्या कामातून दिली. भारतीय पद्धतीत १००० घन सेंटिमीटरच्या साच्यात तीन थरांत माती भरून प्रत्येक थरावर २.६ किलोचा हातोडा ३१० मिलिमीटरवरून २५ वेळा टाकतात आणि हेच वेगवेगळ्या ओलीला करून पाहतात. ओल कमी असली तर कण एकमेकांवर सरकत नाहीत, जास्त झाली तर पाणीच जागा अडवते. मधल्या एका ओलीला घनता सर्वाधिक मिळते. रस्त्याच्या कामात याच ओलीला दाबलेल्या मातीवर ‘सीबीआर’ची चाचणी होते, म्हणजे ५० मिलिमीटर व्यासाचा दांडा मिनिटाला १.२५ मिलिमीटर या वेगाने तिच्यात घुसवून लागणारे बळ प्रमाणित खडीच्या बळाशी ताडून पाहतात. इथे एक अट सगळ्यांत महत्त्वाची असते, ती म्हणजे साचा आधी चार दिवस पाण्यात बुडवून ठेवण्याची. कोरडी काळी कुदळीलाही दाद देत नाही. भिजल्यावर तिचा ‘सीबीआर’ अनेकदा २ ते ३ टक्क्यांवर येतो. हे चार दिवस म्हणजे रस्त्याला पुढे अनेक वर्षे सोसावा लागणारा पावसाळा, आणि घाईपोटी ते वाचवणे म्हणजे परीक्षाच न करणे होय.

वाळूचा स्वभाव अगदी वेगळा. तिच्या कणांत चिकटपणा नसतो, तिची ताकद घर्षणातून येते. मातीच्या कर्तनबलाचा, म्हणजे एका थरावरून दुसरा थर घसरण्यास होणाऱ्या विरोधाचा, चिकटपणा आणि घर्षण असा दुहेरी हिशोब शार्ल कूलाँ यांनी १७७३ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे मांडला होता. प्रयोगशाळेत ६० मिलिमीटर चौरसाच्या दोन भागांच्या पेटीत वाळू भरून, वरून भार देऊन, एक अर्धा भाग आडवा ढकलतात आणि घर्षणकोन काढतात. भुसभुशीत वाळूचा तो ३० अंशांच्या जवळपास, घट्ट वाळूचा ४० च्या पुढे जातो. त्याहून महत्त्वाची गोष्ट ढकलताना दिसते. घट्ट वाळूचे कण एकमेकांवर चढून जागा करतात, त्यामुळे तिचे आकारमान वाढते. सैल वाळू आक्रसते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये वर्णन केलेला हा परिणाम कोकणच्या कुठल्याही किनाऱ्यावर पाहता येतो. ओल्या, घट्ट वाळूवर पाय दाबला की पायाभोवती क्षणभर कोरडे वर्तुळ दिसते, कारण दबलेली वाळू फुगून आजूबाजूचे पाणी आत ओढते.

सैल वाळू पाण्याने भरलेली असेल आणि भूकंपाने हलली, तर उलटे घडते. ती आक्रसू पाहते, आतले पाणी तेवढ्या वेळात बाहेर पडू शकत नाही, कणांवरचा भार पाणी उचलू लागते आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटून वाळू द्रवासारखी वागते. यालाच द्रवीभवन म्हणतात. जपानमधील निइगाता येथे जून १९६४ च्या भूकंपात मजबूत बांधलेल्या निवासी इमारती न मोडता कलंडल्या. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधील चांगसारख्या अनेक मातीच्या धरणांच्या पायाखालचा नदीकाठचा गाळ असाच सुटला आणि धरणे फुटून पसरली. म्हणून वाळूच्या बाबतीत सर्वांत कळीचा आकडा सापेक्ष घनतेचा, म्हणजे ती तिच्या सर्वांत सैल आणि सर्वांत घट्ट अवस्थांच्या दरम्यान कुठे आहे याचा असतो. अडचण अशी, की तिचा अस्पर्श नमुना जमिनीतून काढणेच जवळजवळ अशक्य असते. नळीतून वर आणताना तिची रचना मोडते. त्यामुळे वाळूची घनता बोअरमध्येच, ६३.५ किलोचा हातोडा ७५० मिलिमीटरवरून टाकून आणि ठोके मोजून, अंदाजली जाते.

चिकणमातीचा नमुना मात्र पातळ नळीत अखंड येतो, आणि तिच्या बाबतीत खरा प्रश्न काळाचा असतो. रबरी पिशवीत गुंडाळलेला, ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि ७६ मिलिमीटर उंचीचा दंडगोल पाण्याच्या दाबाखाली ठेवून वरून दाबण्याच्या ट्रायॲक्सियल चाचणीत पाणी बाहेर जाण्याची वाट बंद ठेवली तर एक ताकद मिळते, उघडी ठेवून सावकाश दाबले तर दुसरी. दोन्ही खऱ्या असतात. भराव घाईने टाकताना पहिली लागू पडते, पन्नास वर्षांनी दुसरी. यामागचे तत्त्व कार्ल टर्झागी यांनी स्पष्ट केले. एकूण दाबातून रंध्रांतल्या पाण्याचा दाब वजा केल्यावर जो उरतो, तोच कणांना एकमेकांवर दाबून धरतो आणि मातीची ताकद व खच त्यानेच ठरतात. इस्तंबूलमधील रॉबर्ट कॉलेजात अतिशय साध्या साधनांनी केलेल्या प्रयोगांवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मृदायांत्रिकी स्वतंत्र शास्त्र म्हणून उभी राहिली.

त्यांची दृढीकरणाची चाचणी हा प्रयोगशाळेतील सर्वांत संथ आणि सर्वांत दूरदर्शी प्रयोग होय. ६० मिलिमीटर व्यासाची आणि २० मिलिमीटर जाडीची चकती वरखाली सच्छिद्र दगडांत ठेवून तिच्यावर दर २४ तासांनी दुप्पट भार चढवतात आणि पाणी पिळून निघताना ती किती बारीक होते ते मोजतात. या खचण्याला लागणारा वेळ पाण्याच्या वाटेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चकतीत ती वाट १० मिलिमीटर असते. १० मीटर जाडीच्या, वर आणि खाली वाळू असलेल्या थरात ५ मीटर, म्हणजे ५०० पट, आणि म्हणून वेळ अडीच लाख पट. प्रयोगशाळेत एका तासात जे घडते त्याला जमिनीत २८ वर्षांहून अधिक लागतात. पिसाच्या मनोऱ्याचे ११७३ मध्ये सुरू झालेले काम काही वर्षांतच थांबून जवळजवळ शतकभर बंद राहिले. तेवढ्या काळात खालची चिकणमाती पाणी सोडून घट्ट झाली नसती, तर मनोरा तेव्हाच कोसळला असता, असे अभ्यासक मानतात. न्हावा-शेव्यासारख्या खाडीकाठच्या जागी शतकभर थांबणे शक्य नसते. तिथल्या समुद्री चिकणमातीत म्हणून उभे निचरापट्टे थोड्या थोड्या अंतरावर खोल घालतात, वर भराव रचतात, आणि पाण्याची वाट मीटरभरावर आल्यामुळे दशकांचे काम महिन्यांत उरकते. पट्टे किती अंतरावर घालायचे ते त्या चकतीवरील वाचनांतूनच ठरते.

परंतु चकती कुठून आणली, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही. कॅनडातील विनिपेगजवळ ट्रान्सकोना येथील धान्याचे प्रचंड कोठार ऑक्टोबर १९१३ मध्ये प्रथमच भरले जात असताना सुमारे एका दिवसात २७ अंशांच्या आसपास कलले. पायाच्या पातळीवर जमिनीची भारचाचणी झालेली होती आणि तिथली माती खरोखरच घट्ट होती; खालचा मऊ थर मात्र कोणी पाहिलाच नव्हता. भारचाचणीतील छोट्या तळपत्रीचा दाब उथळ राहतो, मोठ्या कोठाराचा खोल उतरतो. आजही नमुना मेणाने बंद न करता गोणपाटात आला, वाटेत सुकला, खोलीची खूण पुसली गेली, तर पुढची सारी अचूक मोजमापे एका भलत्याच मातीची होतात, आणि प्रयोगशाळेला ते कळण्याचा मार्ग नसतो.

काळीतल्या साध्या घरासाठी तरी एवढा खर्च परवडत नाही, ही तक्रार रास्त आहे. पण तिथे लागणारी परीक्षा महाग नाही. मे महिन्यात, भेगा पूर्ण उघडलेल्या असताना, प्लॉटवर ३ ते ४ मीटर खोल बोअर घेऊन दर अर्ध्या मीटरची ओल मोजावी आणि प्रत्येक थराची रॉकेल-पाण्याची चाचणी करावी. सप्टेंबरअखेर, जमीन भिजून फुगलेली असताना, शेजारीच दुसरे बोअर घेऊन ओल पुन्हा मोजावी. वरच्या थरांत दोन्ही हंगामांच्या आकड्यांत मोठी तफावत दिसेल, खाली जाताना ती कमी होत जाईल, आणि ज्या खोलीवर मे आणि सप्टेंबरची ओल एकच भरते तिथे हंगामी हालचालीचा पट्टा संपलेला असतो. घराचा पाया किंवा पाइलचा कंद त्या खोलीच्या खाली टेकायला हवा.